चिखलातून डांबरीवर : जुन्या फोर व्हील गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी यांच्या मधल्या दिवसांत या सदराकडे येणारा पत्रव्यवहार एकदम वाढतो. पावसाळाभर काळ्या रानात राबलेली जीप पाऊस उघडल्यावर डांबरी रस्त्याला लागते आणि चिखलात लक्षात न आलेली तिची दुखणी तिथे जाणवू लागतात. या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. नावे छापलेली नाहीत, फक्त तालुका दिला आहे. बहुतेक पत्रलेखकांनी लिहिण्याआधी कोणता ना कोणता भाग बदलून पाहिला आहे, पैसे खर्च झाले आहेत आणि दुखणे जागेवरच आहे. म्हणून प्रत्येक उत्तरात नवा भाग सुचवण्याआधी, घरच्या घरी पाना आणि जॅक घेऊन करता येण्याजोगी तपासणी दिली आहे.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली) : माझ्याकडे १९९४ सालची दोन दांड्यांची (एक फोर व्हीलची, एक लो-हाय रेंजची) महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. हळदीच्या रानातून निघायला फोर व्हील लावावेच लागते. डांबरीवर आल्यावर मात्र दांडी मागे येत नाही, स्टिअरिंग जड होते आणि वळताना टायर करकरतात. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधला जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) पूर्ण उघडावी लागेल, असे गॅरेजमध्ये सांगितले आहे. उघडावी का?

उत्तर : इतक्यात उघडू नका. आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे बहुतेक वेळा ट्रान्सफर केसच्या बिघाडाची नसून तिच्या रचनेची असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपपासून चालत आलेल्या या रचनेत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) नसते. फोर व्हील लावले की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरायचे असते. चिखलात चाक थोडेसे घसरते आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो. डांबरावर टायर घसरत नाही, त्यामुळे तो फरक पीळ होऊन शाफ्ट, एक्सल आणि गिअरच्या दात्यांत साठत जातो. दाते एकमेकांवर इतके दाबून बसतात की दांडीला जोर लावून ते सुटत नाहीत, आणि हातोडी मारून दांडी काढायचा प्रयत्न केला तर आतला फोर्क वाकतो. मग मात्र खरोखरच केस उघडावी लागते.

त्यामुळे दांडी अडली की गाडी रस्त्याच्या कडेला मातीवर घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि रिव्हर्समध्ये पंधरा-वीस फूट सावकाश मागे जा. ज्या दिशेने पीळ बसला त्याच्या उलट दिशेने तो सुटतो. क्लच दाबून, अजिबात जोर न करता दांडी ओढा. बहुतेक वेळा ती बोटांनी निघते. दोन दांड्यांच्या जीपमध्ये क्रमही पाळावा लागतो. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) फक्त फोर व्हील लागलेले असतानाच लागते, कारण लो रेंजमधला वाढीव जोर एकट्या मागच्या एक्सलवर पडू नये यासाठी आत अडसर ठेवलेला असतो. म्हणून बाहेर येताना आधी लो मधून हाय, आणि त्यानंतरच फोर मधून टू. हा क्रम उलटा झाला तरी दांडी अडल्यासारखीच वाटते.

सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ साठत असेल, तर टायर तपासा. आपण ते कधी बदलले हे पत्रात नाही, पण माझा संशय तिथेच आहे. पुढे जुनी जोडी आणि मागे नवी, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. ६.०० - १६ मापाच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर असतो. त्याची नक्षी पाच मिलिमीटर झिजली की घेर सुमारे ३१ मिलिमीटरने कमी होतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण एका किलोमीटरमध्ये तो तेरा-चौदा मीटरपर्यंत जातो, आणि तेवढे अंतर कुठल्या तरी चाकाने घासत काढावे लागते. चारही चाकांत सारखी हवा भरा, टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करा आणि अंतर फितीने मोजा. पुढच्या आणि मागच्या जोडीत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर आधी टायरची जुळणी करा.

आपल्या जीपला पुढे लॉक होणारी हब (चाक एक्सलला जोडणारी किंवा मोकळे सोडणारी) असतील, तर आणखी एक तपासणी करा. मागच्या चाकांना उटी म्हणून दगड लावा, पुढची दोन्ही चाके उचलून घोड्यांवर टेकवा, दोन्ही हब लॉक करा आणि गाडी गिअरमध्ये व फोर व्हीलमध्ये ठेवा. एक चाक हाताने फिरवले की दुसरे उलट दिशेने फिरले पाहिजे. ते फिरले नाही, तर कोणते तरी एक हब लॉक झालेलेच नाही. एका बाजूचे हब मोकळे राहिले की डिफरन्शियल सगळा फेरा त्या मोकळ्या बाजूला देते, आणि दांडी लागलेली असूनही पुढची चाके गाडी ओढत नाहीत.

ट्रान्सफर केस उघडण्याची वेळ येईल ती हे सगळे ठीक असूनही दांडी अडत असेल, किंवा चालत्या गाडीत ती आपोआप सुटत असेल तेव्हा. आपण लिहिल्यावरून आज तरी तसे दिसत नाही.

प्रश्न (पाटोदा, जि. बीड) : जुनी डिझेल जीप आहे. सपाट रस्त्यावर काटा मध्यावर असतो. बीडहून येताना मांजरसुंब्याचा घाट चढू लागली की लाल पट्ट्यात जातो. मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, पाण्याचा पंप बदलला, तरी फरक नाही. पाणी घरच्या बोअरचे वापरतो.

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे. पण आधी इतर वाचकांसाठी एक फरक सांगतो. गाडी उभी असताना किंवा बाजारातल्या गर्दीत तापत असेल, तर दोष बहुधा हवेत असतो : पंख्याचा पट्टा सैल झालेला असतो, पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कधी तरी काढून ठेवलेले असते आणि परत बसवलेलेच नसते. गाडी चढावर किंवा भरधाव चालताना तापत असेल, तर इंजिन जितकी उष्णता पाण्यात सोडते तितकी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही, असे समजावे. आपली गाडी दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि पंप बदलूनही फरक पडला नाही याचे कारण मला त्यातच दिसते.

रेडिएटर दोन बाजूंनी बुजतो. बाहेरून बुजणे डोळ्यांना दिसते. बालाघाटाच्या माळरानावर गवत वाळले की त्याची कुसळे जाळीत शिरतात आणि त्यांच्यावर धूळ व तेलाचा थर बसून त्यांचे बूच होते. समोरून पाणी मारले तर ते आणखी आत जाते. म्हणून पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या नळीच्या धारेने धुवावे. वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या धारेने जाळीची पाती आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आतून बुजणे दिसत नाही, आणि त्याला बोअरचे पाणी कारणीभूत असते. आपल्या भागातल्या बेसाल्टमधून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मुबलक असतात. पाणी तापले की ते क्षार नळ्यांच्या आतल्या अंगाला धरतात, जसे चहाच्या पातेल्याला आणि गिझरच्या कॉइलला धरतात. हा थर उष्णता अडवतो आणि नळीचे तोंडही बारीक करतो. मी स्वतः ही चूक अनेक वर्षे केली. माझ्या जीपचा रेडिएटर शेवटी उतरवला आणि वरची टाकी उकलली, तेव्हा पितळी नळ्यांची तोंडे चुन्याने लिंपल्यासारखी पांढरी झाली होती. बारीक तार घालून पाहिली, तर दर तीन नळ्यांपैकी एकीतच ती खालपर्यंत जात होती. एवढ्या बुजलेल्या रेडिएटरनेही सपाटीवर काटा मध्यावर धरून ठेवला होता. भार वाढेपर्यंत बिघाड लपून राहतो तो असा.

घरी तपासायचे असेल तर गाडी घाट चढून आल्यावर इंजिन बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या आणि रेडिएटरच्या जाळीला स्पर्श न करता तिच्या अगदी जवळून तळहात फिरवा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मध्येच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्यांतून पाणी वाहत नाही. मग रेडिएटरवाल्याकडून दोन्ही टाक्या उकलून नळ्यांत रॉड फिरवून घ्या. नुसते ॲसिड टाकून धुतल्याने जुना थर निघत नाही आणि सांधे मात्र कुरतडले जातात. त्यानंतर बोअरचे पाणी कायमचे बंद करा आणि डिस्टिल्ड वॉटर व कूलंट निम्मे-निम्मे भरा. असे मिश्रण साध्या वातावरणीय दाबालाही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि आतला गंजही रोखते. रेडिएटरचे झाकणही पाहा. त्याची स्प्रिंग आणि रबर धड असेल तरच आत दाब टिकतो. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. ७ पौंड दाबाच्या झाकणाखाली तेच सुमारे ११० अंशांपर्यंत तग धरते. एक जुने झाकण बदलण्याला फारसा खर्च नाही, तरी ते कोणी बदलत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो काढल्याने गाडी थंड राहते हा समज पक्का रुजलेला आहे, पण रेडिएटर बुजलेला असेल तर थर्मोस्टॅट काढून काहीच साधत नाही, आणि रेडिएटर चांगला असेल तर इंजिन सकाळी लवकर तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि सिलिंडरची झीज वाढते.

इतके करूनही काटा वर गेला, तर हेड गॅस्केटची (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यातल्या पातळ पट्टीची) शंका घ्यावी लागेल. सकाळी थंड इंजिनवर झाकण काढून गाडी चालू करा आणि पाण्यात पाहा. सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावल्यावर मिनिटाभरातच वरचा होज पाइप दगडासारखा टणक होत असेल, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. गाडी तापलेली असताना झाकण उघडू नका, आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जाण्यास तेवढे पुरेसे होते.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर) : मागच्या एक्सलचे ऑइल सील एका वर्षात तीनदा बदलले. प्रत्येक वेळी दोन-तीन महिन्यांत पुन्हा ऑइल चाकाकडे येते आणि ब्रेकचे लायनर भिजतात. सील खराब दर्जाचे मिळत असावेत का?

उत्तर : एखादे सील खराब निघू शकते. लागोपाठ तीन निघाली, तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदर पाहा. मागच्या एक्सलच्या हाउसिंगच्या (कवचाच्या) वरच्या अंगाला करंगळीच्या पेराएवढी एक टोपी असते, तोच ब्रीदर. गाडी चालली की आतले ऑइल आणि हवा तापते, हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर पडते. शेतातून फिरणाऱ्या गाडीत तिच्यावर काळी माती बसते, हाउसिंगच्या उष्णतेने ती भाजली जाते आणि टोपी सिमेंट भरल्यासारखी घट्ट होते. मग हवेला वाट उरत नाही, आणि आतला दाब सर्वांत कमजोर जागेतून, म्हणजे सीलच्या ओठातून ऑइल बाहेर ढकलतो. उलट, तापलेले हाउसिंग नाल्याच्या पाण्यात बुडाले की आतली हवा एकदम आकसते आणि त्याच ओठातून पाणी व गाळ आत ओढला जातो. ऑइल काढल्यावर ते दुधाळ दिसले, तर हेच घडले असे समजा.

टोपी बोटाने फिरवून पाहा. ती मोकळी फिरली आणि थोडी वरखाली हलली पाहिजे. न हलल्यास काढून डिझेलमध्ये भिजवा आणि तोंडाने फुंकून पाहा. नाले ओलांडणे नेहमीचे असेल, तर ब्रीदरच्या जागी नळीचा जोड बसवून रबरी नळी चॅसीच्या उंच भागापर्यंत न्यावी. हे काम तासाभराचे आहे.

ऑइलची पातळी जास्त असली तरी सील गळते. गाडी सपाट जागी उभी करा आणि भरण्याच्या बोल्टच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच ऑइल ठेवा. ऑइल बदलताना आधी वरचा भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा उघडा. वरच्याचे आटे गेलेले आहेत हे खालून सगळे ऑइल वाहून गेल्यावर समजले, तर गाडी जागच्या जागी अडकते. क्राउन-पिनिअनला (एक्सलमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीला) जीएल-५ दर्जाचे ईपी ९० गिअर ऑइल वापरावे; तेच डबडे गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नये, कारण पितळी सिंक्रो रिंगांसाठी जीएल-४ सुरक्षित असते.

चौथे सील बसवण्याआधी शाफ्टवर सील जिथे घासते तिथे नख फिरवा. नख अडेल इतकी खाच पडली असेल, तर कितीही चांगले सील तिथे टिकणार नाही. आणि ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, ते बदलाच.

प्रश्न (गंगाखेड, जि. परभणी) : ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत ते थांबत नाही. अलाइनमेंट तीनदा करून घेतले. स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकला, त्याने महिनाभर बरे वाटले.

उत्तर : डॅम्परने थरथर दाबली जाते, तिचे कारण जात नाही. महिनाभराने ती परत आली हा त्याचाच पुरावा आहे. आपला भाग गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीचा. म्हणून कोणताही सुटा भाग घेण्याआधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात घाला. ओली काळी माती रिमच्या आतल्या खोलगट भागात थापली जाते, वाळून विटेसारखी होते आणि बाहेरून चाक स्वच्छ दिसत राहते. एका बाजूला पाव किलो माती चिकटलेले चाक तोल गमावते, आणि साधारण याच वेगात स्टिअरिंग हलवते. खुरप्याने खरवडून काढा, धुवा, मग गाडी चालवून पाहा.

एवढ्याने थांबले नाही, तर तपासणी पुढच्या क्रमाने करा. इंजिन बंद, चारही चाके जमिनीवर; एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावीकडे-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून टाय रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्या) यांच्या प्रत्येक टोकावर बोट ठेवायचे. दोन भागांच्या मध्ये हालचाल बोटाला लगेच कळते. त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला, तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला, तर तो व्हील बेअरिंगचा होता. तसाच राहिला, तर किंगपिनचा (ज्या खुंटीवर चाक वळते तिचा) आहे आणि शिमची (पातळ चकत्यांची) जुळवणी करून किंवा बेअरिंग बदलून घ्यावी लागेल. हा फरक न करता दोन्हींचे सामान आणायला सांगणारे मिस्त्री पुष्कळ आहेत.

स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश, शॅकल (पाटे चॅसीला जोडणाऱ्या कड्या) आणि यू-बोल्ट विसरू नका. गाडी उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल लावलेली असतील, तर माझे मत स्पष्ट आहे : ती काढून मूळ मापाची लावा. त्यांनी एक्सल पुढे झुकतो, किंगपिनचा मागे कललेला कोन कमी होतो, आणि चाकाला आपोआप सरळ ठेवणारी ओढच नाहीशी होते. अलाइनमेंटवाला टो-इन (चाके पुढून किती आत वळलेली आहेत ते) दुरुस्त करतो, हा कोन नाही. त्यामुळे तीनदा जाऊनही आपल्याला फरक दिसला नसावा.

प्रश्न (कळंब, जि. धाराशिव) : एमएम ५४० जीप रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फला लागते. बॅटरी नवी आहे. नोझल (डिझेल फवारणारे) पाहायला सांगितले आहेत.

उत्तर : नोझल काढण्याआधी उद्या सकाळी एकाला सायलेन्सरजवळ उभे करा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचते आहे पण पेटत नाही. या जीपमधले प्यूजो घराण्यातले २११२ सीसीचे इंजिन डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडत नाही, तर हेडमधल्या लहान कक्षात सोडते. त्या कक्षाच्या थंड भिंती उष्णता शोषतात, म्हणून त्याला सकाळी हीटर प्लगची गरज लागतेच. प्लगची पट्टी काढा आणि बॅटरीच्या प्लसला जोडलेल्या टेस्ट लॅम्पचे टोक एकेका प्लगला लावा. दिवा न लागणारा प्लग आतून तुटलेला आहे. चारपैकी दोन गेले तरी सकाळची अशीच तक्रार असते.

धूर अजिबात येत नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. ते रात्रीत टाकीकडे उतरते आणि लाइन हवा घेते. ही गळती शोधणे अवघड जाते, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात पंप डिझेल ओढत असतो, ढकलत नसतो. तिथल्या भेगेतून थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून जमीन कोरडी आहे यावर विसंबू नका. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालू ठेवून पाहा. बुडबुड्यांची माळ दिसली, तर दोष पंपाच्या मागे आहे. आणखी खात्री हवी असेल, तर स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच ठेवून तिथून थेट जोडणी द्या आणि तशी रात्र जाऊ द्या. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागली, तर टाकीतला पिकअप पाइप, रबरी नळ्यांची टोके आणि चिमट्यांखालच्या भेगा तपासायच्या. फिल्टरवरच्या तांब्याच्या वायसर एकदा दाबल्या गेल्या की परत तशा बसत नाहीत. फिल्टर बदलताना प्रत्येक वेळी नव्या घ्या. हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस जाऊन सलग धार येऊ लागली की पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळा, आणि मग हेच इंजेक्शन पंपावर करा. नोझलच्या पाइपचे नट सैल करून सेल्फ मारण्याची वेळ आली, तर हात आणि डोळे दूर ठेवा. त्या दाबाची धार कातडीत शिरते आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी तातडीने दवाखान्यात जावे लागते.

प्रश्न (किनवट, जि. नांदेड) : ब्रेकचे पॅडल पहिल्यांदा दाबले की खाली जाते, दुसऱ्यांदा दाबले की वर लागते. माहूरला नेहमी जाणे होते. असे चालवले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. हे उत्तर अंक निघण्याची वाट न पाहता आपल्याला पत्राने कळवले आहे. इतरांसाठी येथे देतो. दुसऱ्या दाबाला पॅडल वर येऊन टणक लागत असेल, तर ड्रम आणि लायनर यांच्यातले अंतर वाढलेले आहे. ॲडजस्टर आवळून चाक किंचित घासेपर्यंत आणावे आणि मग चाक मोकळे फिरेल इतके मागे सोडावे. पॅडल स्पंजासारखे लागत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून ब्लीडिंग (हवा काढणे) सुरू करावे. आणि पाय एकसारखा दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू बुडत असेल, तर मास्टर सिलिंडरचे रबरी वायसर दाब सोडत आहे किंवा कुठे तरी ऑइल गळते आहे. या तिसऱ्या प्रकारात गाडी हलवूच नये.

ड्रम एकदा उघडून पाहाच. चिखलातून गेलेल्या गाडीच्या ड्रममध्ये बारीक माती साठते आणि लायनर वाळूच्या कागदासारखे झिजवते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते : डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्या ऑइलची तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते, आणि लांब उतारावर ड्रमच्या उष्णतेने ते उकळले की पॅडल थेट फळीला टेकते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण काढून नवे भरावे. माहूरगडावरून उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवावी आणि ब्रेक सतत दाबून न धरता थोडा वेळ दाबून सोडावा. पण ते पुढचे झाले. ॲडजस्टर, ड्रम आणि मास्टर सिलिंडर या तिन्हींची तपासणी होईपर्यंत जीप घरीच ठेवा आणि माहूरला एसटीने जा.